दोन घरचा पाहुणा : शिकाऊ उमेदवारीचा इतिहास आणि आपला सीमाभाग

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. ती मनात धरून जो दाराशी उभा राहतो तो उमेदवार. मागील पिढ्यांत कचेरीत, पेढीवर अगर वकिलाच्या बैठकीत बिनपगारी लेखणी झिजविणाऱ्या तरुणाविषयी 'तो अमक्याकडे उमेदवारी करतो' असे म्हणत. आज हा शब्द उच्चारताच निवडणुकीला उभा राहिलेला गृहस्थच प्रथम डोळ्यांपुढे येतो. तथापि कायद्याच्या मराठीत शब्दाचा जुना अर्थ अद्याप टिकून आहे. कारखान्यात काम करीत धंदा शिकणाऱ्या मुलास कायदा 'शिकाऊ उमेदवार' म्हणतो, आणि आशेवर उभा राहिलेला हा मुलगा हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या मुलाच्या शिक्षणाची एक पद्धती जगात विशेष नावाजली गेली. मुलगा आठवड्यातील काही दिवस कारखान्यात मिस्त्रीच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करतो आणि उरलेले दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेत त्याच कामाचे शास्त्र, गणित आणि रेखन शिकतो. दोन्ही ठिकाणी मिळून त्याचे शिक्षण एकच मानले जाते. जर्मनीत हा क्रम बहुतेक धंद्यांत तीन ते साडेतीन वर्षे चालतो. आठवड्याचे तीन-चार दिवस कारखाना आणि एक-दोन दिवस शाळा, अशी त्याची सामान्य वाटणी असते. यालाच दुहेरी उमेदवारी म्हणावे.

आपल्याकडे एक म्हण आहे : दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. या घरचे समजतात, तो तिकडे जेवला असेल. त्या घरचे समजतात, इकडे. शिकाऊ मुलाची गत अशी होण्याचा धोका या पद्धतीत पहिल्यापासून आहे. किंबहुना, दोन घरांनी एकमेकांना विचारावे कसे, याची व्यवस्था लावण्याचा इतिहास तोच या पद्धतीचा इतिहास होय, असे आमचे मत आहे. बेळगाव-निपाणीच्या परिसरात ही दोन्ही घरे फार पूर्वीपासून आहेत. त्यांच्यामधील वाट मात्र पुरती रुळली नाही, आणि त्याचे कारण केवळ कारखानदारांत शोधून चालणार नाही. ते आपण शिक्षकांनी स्वतःतही शोधले पाहिजे.

आपल्या गावगाड्यात उमेदवारीला वेगळे नाव नव्हते, कारण ती घरातच होत असे. भात्याची दोरी ओढता ओढता लोहाराचा मुलगा तापल्या लोखंडाचा रंग ओळखू लागे. सुताराचा मुलगा आधी लाकूड धरी, मग तासे, आणि मिसरूड फुटेपर्यंत तिफणीचा कोन त्याच्या हाती बसलेला असे. या शिक्षणाचा मोठा गुण असा, की त्यात खोटे काम नव्हते. नांगर चुकला तर शेतकरी तो घेऊन बापाच्या दाराशी येई, आणि मुलास आपल्या चुकीची किंमत त्याच दिवशी कळे. परंतु या व्यवस्थेत दोन उणिवा होत्या. पहिली, तिचे दार जन्माने उघडे. लोहाराच्या मुलास ते टाळता येत नसे आणि इतरांस त्यातून आत जाता येत नसे. दुसरी, तीत 'असे का?' या प्रश्नाला जागा नव्हती. बापाने केले तसे करावे, एवढेच शास्त्र.

इंग्रजी अमदानीत या उणिवा दूर होतील अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. १८५० साली शिकाऊ मुलांविषयी एक कायदा झालाही. पण तो प्राधान्याने अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांसाठी होता. दहा ते अठरा वर्षांचे मूल एखाद्या धंदेवाल्याकडे कराराने बांधून द्यावे आणि त्याने पोटापुरता हुन्नर शिकावा, असा त्याचा हेतू. पुढे सातच वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि मध्यमवर्गाच्या मुलांपुढे परीक्षेची शिडी उभी राहिली. अशा रीतीने एकाच दशकात दोन वाटा फुटल्या : ज्याला कोणी नाही त्याने हात चालवावा, ज्याला घर आहे त्याने पुस्तक धरावे. कायदे बदलले, राज्ये बदलली, तरी ही समजूत पालकांच्या आणि शिक्षकांच्या मनातून गेलेली नाही.

ही समजूत मोडणारा एक मोठा पुरुष आपल्याच जिल्ह्यात जन्मला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांच्या डोळ्यांना वेगळे दिसत नसत, म्हणून ती वाट सोडून त्यांनी यांत्रिक रेखनाचा अभ्यास केला आणि १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. पुढे शिक्षकी सोडून ते बेळगावला आले. बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकली विकण्याचे व दुरुस्त करण्याचे दुकान चालविले, त्यातून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करण्याचा उद्योग उभा केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी आरंभी त्या नांगराला हात लावीत नसत, हे सर्वश्रुत आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की शाळेत रेखन शिकविणारा आणि भट्टीपुढे उभा राहणारा माणूस येथे एकच होता. दोन घरे एका देहात नांदत होती.

बेळगावात नव्या वसाहतीसाठी त्यांची जागा गेली, आणि १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळच्या ३२ एकर निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. शहराला त्यांची आठवण म्हणून किर्लोस्कर रोड राहिला, कारखाना गेला. त्या माळावर जमलेल्या माणसांत अनंतराव फळणीकर म्हणून एक होते. शाळा अर्धवट सोडलेला हा मनुष्य कारखान्यात कल्पक यंत्रज्ञ ठरला. शाळेने ज्याला आपला मानले नाही त्याची बुद्धी कामापुढे उभी राहताच प्रकट झाली, हे आम्ही शिक्षकांनी नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. पण त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे, की अशा माणसाला एक लक्ष्मणराव भेटावा लागतो. भाग्यावर अवलंबून असणाऱ्या गोष्टीला व्यवस्था म्हणता येत नाही. हजार मुलांपैकी प्रत्येकाला असा मालक आणि असा गुरू कसा मिळावा, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न त्याच सुमारास जर्मनीतील एका अकादमीने जाहीरपणे विचारला, ही गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांस मौजेची वाटेल. १९०० साली एर्फुर्ट येथील अकादमीने निबंधस्पर्धेसाठी विषय ठेवला : प्राथमिक शाळा सुटल्यापासून सैन्यात भरती होईपर्यंतच्या वर्षांत मुलास नागरिकत्वाचे शिक्षण कसे द्यावे? मुलगा चौदाव्या वर्षी शाळा सोडी आणि विसाव्याच्या सुमारास सैन्यात जाई. मधली वर्षे कोणाचीच नव्हती. पारितोषिक मिळाले ते म्युनिक शहराच्या शाळांचे प्रमुख गेओर्ग केर्शेनस्टायनर यांना. ते मुळात गणिताचे आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. म्युनिकमध्ये शाळा सोडलेल्या मुलांसाठी रविवारचे व संध्याकाळचे वर्ग पूर्वीपासून होते. पण तेथे प्राथमिक शाळेतलेच जुने धडे पुन्हा घोटले जात. दिवसभर राबून आलेला मुलगा त्यांना कंटाळे यात नवल नाही. केर्शेनस्टायनरांनी हे वर्ग धंदेवार केले. सुताराच्या उमेदवारास लाकडाचे, खाटकाच्या उमेदवारास मांसाचे, छापखान्यातल्या मुलास अक्षरांचे गणित आणि ज्ञान, शाळेतच कर्मशाळा, आणि तास दिवसाचे, कामाच्या वेळातले. मालकांनी प्रथम कुरकुर केली. पण शाळेत शिकलेले दुसऱ्या दिवशी आपल्याच कारखान्यात उपयोगी पडते असे दिसल्यावर धंद्यांच्या संघांनी शाळांना हात दिला.

जर्मनीतही ही व्यवस्था एका दिवसात झाली नाही. कारागिरांच्या उमेदवारीचे नियमन १८९७ च्या कायद्याने झाले, तर 'दुहेरी पद्धती' हे नाव एका शिक्षणसमितीच्या अहवालात १९६४ साली रूढ झाले आणि साऱ्या देशासाठी एक धंदेशिक्षण-कायदा १९६९ साली आला. म्हणजे आधी वाट पडली, मग तिला नाव मिळाले आणि शेवटी कायदा. आपल्याकडे क्रम नेमका उलटा झाला, हे पुढे दिसेल.

विचारांची उणीव मात्र आपल्याकडे नव्हती. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या कल्पकतेने १८९० साली कलाभवन निघाले. उद्योगाचे शास्त्र देशी भाषेतून शिकवावे हा त्यामागील एक आग्रह होता. १९१६ ते १९१८ या काळात हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने यंत्रकामाचे शिक्षण कारखान्यातच द्यावे आणि त्याला लागून शास्त्राचे वर्ग चालवावेत, असा विचार मांडला. आणि १९३७ च्या एप्रिलात आपल्या जिल्ह्यातील हुदली या गावी, गंगाधरराव देशपांडे यांच्या जन्मग्रामी, गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले. महात्माजी तेथे काही दिवस राहिले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद झाली आणि नई तालीम देशापुढे आली.

नई तालीम आणि दुहेरी उमेदवारी यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. म्हणून दोहोंतील भेद सांगणे अवश्य आहे. गांधीजी हस्तोद्योगाला शाळेत आणू पाहत होते. टकळी वर्गात आली की गणित, भूगोल, इतिहास हे सारे तिच्याभोवती गुंफावे, असा त्यांचा प्रयत्न. म्युनिकची पद्धती शाळेला कारखान्यातल्या मुलापर्यंत नेते. पहिल्या योजनेत शिक्षकाने कारागीर व्हावे लागते. दुसरीत शिक्षक आणि कारागीर यांनी परस्परांस ओळखावे लागते. आपल्या शाळांत टकळी आली आणि गेली. याचे एक कारण असे, की तिच्यावर काढलेल्या सुताची वाट पाहणारे बाहेर कोणी नव्हते. नांगराची वाट पाहणारा शेतकरी असतो. कामाला गिऱ्हाईक असले म्हणजे शिक्षणाला धार येते.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना आली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघू लागल्या. मग १९६१ च्या डिसेंबरात शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. ठरलेल्या उद्योगांतील मालकाने ठरलेल्या प्रमाणात उमेदवार घेतलेच पाहिजेत. त्यांच्याशी लेखी करार करून तो नोंदविला पाहिजे. आधी मूलभूत प्रशिक्षण, मग कारखान्यातील प्रत्यक्ष काम आणि त्याच्या जोडीने धंद्याशी संबंधित शास्त्राचे पाठ. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. या कायद्यातील एक कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. शास्त्राच्या वर्गात मुलाने घालविलेला वेळ हा त्याच्या वेतनी कामाचाच भाग समजावा, असे ते सांगते. म्हणजे वर्गात बसणे ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ते कामच होय. दोन घरांमधील वाट कायद्याने या एका वाक्यात आखून दिली.

परंतु आखलेली वाट आणि चाललेली वाट यांत अंतर असते. कायद्याने उमेदवारास कामगार न मानता शिकणारा मानले, ते योग्यच झाले. पण त्यामुळे ज्या कारखान्याला शिकवायचे नाही त्याला स्वस्त हात मिळण्याची सोयही झाली. शिकून झाल्यावर मुलाला नोकरी देण्याचे बंधनही मालकावर ठेवले नव्हते. २०१४ साली कायद्यात मोठे बदल झाले. २०१६ साली विद्यावेतनाचा काही भार सरकारने उचलण्याची योजना आली. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेस उमेदवार घेणे आवश्यक ठरविले आणि त्याहून लहानांस, चार माणसांपर्यंत, ते ऐच्छिक ठेवले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांनी शिक्षणाचे काही महिने कारखान्यात काढावेत, अशी दुहेरी प्रशिक्षणाची योजनाही अलीकडे सुरू झाली आहे.

बेळगावच्या दृष्टीने हा ऐच्छिकपणा महत्त्वाचा आहे. उद्यमबागेत आणि तिच्या आसपास ओतकामाचे व यंत्रकामाचे जे कारखाने आहेत त्यांत लहानांची संख्या मोठी. पंपांचे, व्हॉल्व्हचे, मोटारींचे सुटे भाग तेथे ओतले जातात. हायड्रॉलिक यंत्रे बनविण्यात या शहराने नाव मिळविले. आणि महामार्गावर हत्तरगी येथे २००९ साली विमान-उद्योगाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले. डेन्मार्कच्या साहाय्याने १९७२ साली बंगळुरास सुरू झालेल्या टूल रूम व प्रशिक्षण केंद्राची शाखाही बेळगावात आहे. तेथे तीन वर्षांच्या शिक्षणाला एक वर्षाच्या कारखान्यातील कामाची जोड असते. म्हणजे घरे भरलेली आहेत. तरीही दहा-पंधरा माणसांच्या फौंड्रीतील मुलगा बहुधा मिस्त्रीच्या कृपेवरच शिकतो. जर्मनीतही लहान कारखाने पुष्कळ आहेत. पण तेथे एकटा मालक जे शिकवू शकत नाही ते शिकविण्यासाठी अनेक मालक मिळून सामाईक कर्मशाळा चालवितात. आपल्या उद्यमबागेला हा मार्ग अशक्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

येथे स्वतःविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आम्ही कित्येक वर्षे मराठी शाळेत शिकवीत आलो. दहावीला गणितात बसलेला मुलगा दिसला की 'याला आय.टी.आय.ला घाला' असे आम्ही त्याच्या बापाला सांगत असू. आणि ते सांगताना आमच्या आवाजात जो सूर असे तो आज आठवला की लाज वाटते. असाच एक मुलगा शेकडेवारीत दोनदा नापास झाला. पुढे काही वर्षांनी आम्ही मुलांना घेऊन एक फौंड्री पाहण्यास गेलो असता तो तेथे पॅटर्नच्या टेबलाशी उभा होता. त्याने आमच्या हाती एक पट्टी दिली आणि म्हणाला, "सर, ही पट्टी खोटी आहे, पण इथे हीच खरी."

पट्टीवरचा मीटर खऱ्या मीटरहून सुमारे एक सेंटिमीटर लांब होता. ओतलेले लोखंड निवताना शेकडा एकच्या आसपास आकसते. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, आणि मोजणीचा घोळ नको म्हणून पट्टीच वाढवून केलेली असते. मिस्त्रीने ती त्याला पहिल्या दिवशी दिली होती. कारण सांगितले नव्हते, कारण त्यालाही कोणी सांगितले नव्हते. लोखंडाचे काम होते तोवर काही अडले नाही. एके दिवशी ॲल्युमिनियमचे काम आले; मुलाने तीच पट्टी वापरली आणि सारे नग परत आले. ॲल्युमिनियम शेकडा सव्वाच्या वर आकसते, पोलाद दोनच्या आसपास. प्रत्येक धातूची पट्टी निराळी. हे त्याला उमेदवारीच्या वर्गातील शिक्षकाने फळ्यावर मांडून दाखविले. "त्या दिवशी मला शेकडेवारी कळली, सर," तो म्हणाला. आम्ही ती त्याला दोन वर्षे शिकवीत होतो.

या एका पट्टीत दुहेरी उमेदवारीचे सारे तत्त्व आले आहे. केवळ कारखान्याने दिलेले ज्ञान काम बदलेपर्यंत पुरते. केवळ शाळेने दिलेले ज्ञान काम सुरू होईपर्यंत टिकत नाही. नग परत येण्याची बोच आणि फळ्यावरची मांडणी ही दोन्ही एकाच आठवड्यात भेटली, म्हणून ते शिक्षण झाले.

दुसरा एक मुलगाही सांगितला पाहिजे, कारण त्याची गोष्ट अशी संपली नाही. निपाणीकडचा हा मुलगा आमच्या शिफारशीने एका कारखान्यात उमेदवार म्हणून नोंदला गेला. करार होता, हजेरी होती, विद्यावेतनही होते. प्रत्यक्षात वर्षभर त्याने टेंपो भरले आणि वाळू चाळली. वर्गाला तो गेला तेव्हा पाठ इंग्रजीत होता, खुलासा कन्नडात. सातवीपासून दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या त्या मुलाने वहीत अक्षरे उतरवून घेतली, अर्थ नाही. वर्गाने कारखान्याला विचारले नाही, कारखान्याने वर्गाला विचारले नाही, आणि आम्ही शिफारस करून मोकळे झालो होतो. आम्हीही विचारले नाही. वर्ष संपण्यापूर्वी तो परत गेला. आज तो तंबाखूच्या वखारीत तराजूवर असतो. दोन घरचा पाहुणा उपाशी गेला, आणि त्या उपासाला आम्हीही कारण झालो.

निपाणीचा उल्लेख आला म्हणून तेथील स्थितीही ध्यानात घ्यावी. तेथे पिढ्यान्‌पिढ्या हाताला काम दिले ते तंबाखूने. वखारीतील बायका चाळण्याचे, पाखडण्याचे, प्रत निवडण्याचे काम करतात. विड्या वळणे मुली घरात आईजवळ बसून शिकतात. हेही कौशल्यच आहे. पण त्याला करार नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही, आणि त्यातून पुढे जाण्यास पायरी नाही. निपाणीचा मुलगा धंदा शिकू पाहतो तेव्हा त्याच्यापुढे दोन दिशा असतात : दक्षिणेस बेळगाव, उत्तरेस सीमा ओलांडून कागल आणि कोल्हापूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आखल्या गेलेल्या रेषेविषयी आमच्या भावना वाचकांस ठाऊक आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे नको. सांगायचे ते एवढेच, की शिकाऊ उमेदवारीचा कायदा केंद्राचा आहे आणि त्याचे प्रमाणपत्र रेषेच्या दोन्ही बाजूंस सारखेच चालते. धातू कोणत्याही भाषेत तेवढाच आकसतो. अडते ते समजावून सांगण्यापाशी.

आणि येथेच साहित्यसंस्थांचे काम सुरू होते, असे आमचे नम्र मत आहे. कारखान्यातील मिस्त्रीची भाषा आम्ही लक्षपूर्वक ऐकली आहे. तीत कानस, ऐरण, भाता हे जुने शब्द आहेत. लेथ, जॉब, पॅटर्न, कोअर हे इंग्रजी शब्द मराठी प्रत्यय लावून सुखाने नांदत आहेत. आणि बेळगावात कन्नड शब्दही त्यांच्या शेजारी बसतात. ही भाषा जिवंत आहे, पण ती पुस्तकात नाही. पुस्तकात जी आहे ती परिभाषा मिस्त्रीने कधी ऐकलेली नाही. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली तेव्हा कारखान्याचे जग मराठी वाचकापर्यंत साध्या भाषेत पोचविता येते, हे त्यांनी दाखवून दिले. उमेदवाराच्या वर्गासाठी धंद्यागणिक एक लहानसे पुस्तक, मिस्त्रीच्या शब्दांत आणि शास्त्राच्या शिस्तीत लिहिलेले, आपण देऊ शकलो तर ती भाषेचीही सेवा होईल. कन्नड बंधूंनी असेच पुस्तक कन्नडात करावे. फळ्यावर दोन्ही भाषा शेजारी लिहिल्याने काही बिघडणार नाही.

शिक्षकांकडून अपेक्षा याहून सोपी आहे. ज्या मुलाची शिफारस आपण केली, त्याच्या कारखान्यात तीन महिन्यांतून एकदा जाऊन यावे. मिस्त्रीला विचारावे, हा काय शिकला. वर्गाच्या शिक्षकाला विचारावे, याला काय अडते. म्युनिकमध्ये जे घडले त्याचा गाभा याहून फार वेगळा नव्हता. आम्ही स्वतः हा क्रम दोन वर्षांपूर्वी सुरू केला. पहिल्या खेपेस एका मिस्त्रीने आमच्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, "मास्तर, पोराची काही तक्रार आहे का?" तक्रार नाही, फक्त विचारायला आलो, असे सांगितल्यावर त्याने हात पुसून स्टूल पुढे केले. तिसऱ्या खेपेस त्याने आपण होऊन सांगितले, की पोराला कोन मोजता येत नाहीत. तेवढे वर्गात घ्यायला सांगा. आम्ही तो निरोप पोचविला.